मुक्त व्यापाराचे करार आणि महाराष्ट्राची शेतमाल-निर्यात

पनवेल तालुक्यातील विचुंबे हे गाव गाढी नदीच्या खोऱ्यात, भातशेतीच्या मुलखात वसलेले आहे. २०१३ साली नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची अधिसूचना निघाली आणि त्या क्षेत्राच्या पहिल्या विकास आराखड्यात जी तेवीस गावे घेण्यात आली त्यांत विचुंब्याचाही समावेश झाला. १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर, वाशीचा घाऊक फळबाजार आणि २०२५ अखेर प्रवासी वाहतुकीस खुला झालेला नवा विमानतळ ही तिन्ही स्थळे या गावापासून फार दूर नाहीत. नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा व रत्नागिरी-देवगडचा हापूस यांतील परदेशी जाणारा पुष्कळसा माल या परिसरातून मार्गस्थ होतो. मात्र ज्या खाचरांच्या शेजारून तो जातो, त्या खाचरांत पिकणारा भात निर्यातीच्या हिशेबात कोठेच येत नाही.

या साध्या निरीक्षणापासून आरंभ करण्याचे कारण असे की, 'प्रदेशाची निर्यात' हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे करीत असतो. बंदरावर नोंदलेला आकडा हा वाटेचा आकडा असतो, पिकाचा नव्हे. बंदर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याला हमाली, भाडे, गोदाम व शीतगृह यांचे उत्पन्न मिळते. बागाईतदाराला मिळणारा भाव दुसऱ्याच जिल्ह्यात जमा होतो. मुक्त व्यापाराच्या कराराने अमुक प्रदेशाची निर्यात वाढली किंवा घटली, असे विधान करण्यापूर्वी माल कोठे पिकला, कोठे प्रतवारी झाली आणि कोठून जहाजावर चढला, या तीन गोष्टी वेगळ्या करणे अवश्य आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय याच्या पुढचा आहे. मुक्त व्यापाराचा करार हा मुख्यतः जकातीचा करार आहे, असे गृहीत धरून त्याच्या परिणामांचा अंदाज बांधण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रातील फळे व कांदा यांचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव पाहिला असता हे गृहीत अपुरे ठरते. परदेशाच्या दारावर जकात हा एक अडसर असतो; त्याच्या आत व बाहेर आणखी अडसर असतात, आणि त्यांपैकी एक तर आपण स्वतःच घातलेला असतो.

१. कराराचे स्वरूप

१९४७ साली झालेल्या जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण कराराचा, म्हणजेच 'गॅट'चा, पाया समान वागणुकीचा होता : एका राष्ट्रास दिलेली सवलत सर्व सभासद राष्ट्रांस मिळाली पाहिजे. त्याच कराराच्या चोविसाव्या कलमाने या नियमास एक महत्त्वाचा अपवाद ठेवला. काही राष्ट्रांनी आपसांतील 'जवळजवळ सर्व' व्यापारावरील जकाती काढून टाकल्या, तर ती सवलत इतरांस न देण्याची मुभा त्यांना मिळते. आजचे बहुतेक मुक्त व्यापार करार या अपवादाच्या आधारावर उभे आहेत. म्हणून असा करार नावाने मुक्त असला तरी स्वभावाने भेददर्शी असतो, हे प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे. आत असलेल्यास तो वाट मोकळी करून देतो व बाहेर राहिलेल्यास तीच वाट अधिक अरुंद करतो.

या दुहेरी परिणामाचे शास्त्रशुद्ध विवेचन जेकब व्हायनर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या सीमाशुल्क-संघविषयक ग्रंथात केले. कराराने महाग देशी उत्पादनाच्या जागी सहभागी राष्ट्राचा स्वस्त माल आला तर ती व्यापारनिर्मिती होय. बाहेरच्या स्वस्त पुरवठादारास डावलून सहभागी राष्ट्राचा महाग माल घेतला गेला तर ते व्यापारविचलन होय. दुसऱ्या प्रकाराचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. परदेशी बंदरात भारतीय द्राक्षाची पेटी १०० रुपयांस पडते व दुसऱ्या एका देशाची १०४ रुपयांस. भारतीय मालावर ८ टक्के जकात आहे, दुसऱ्यावर काहीच नाही. ग्राहकाच्या दृष्टीने भारतीय पेटी १०८ रुपयांची व दुसरी १०४ रुपयांची होते. भारतीय बागाईतदार अधिक कार्यक्षम असूनही त्याला एकतर ४ रुपये सोसावे लागतात, नाहीतर ग्राहक गमवावा लागतो.

हे उदाहरण केवळ कल्पनेतले नाही. ताज्या द्राक्षांवर युरोपीय संघात भारतीय मालास बरीच वर्षे सुमारे ८ टक्के जकात भरावी लागत आली. चिली, दक्षिण आफ्रिका व पेरू ही प्रतिस्पर्धी राष्ट्रे मात्र संघाशी केलेल्या करारांमुळे सवलतीत होती. त्यांपैकी पेरूचा करार २०१३ साली अमलात येऊ लागला. भारत व युरोपीय संघ यांच्या वाटाघाटींस २००७ साली प्रारंभ झाला, २०१३ साली त्या थांबल्या, २०२२ साली पुन्हा सुरू झाल्या व जानेवारी २०२६ मध्ये त्या पूर्ण झाल्याची घोषणा झाली. यावरून दिसून येते की, करार न करणे हीही एक निष्पक्ष स्थिती नव्हे. इतर करार करीत असताना आपण स्वस्थ राहिलो, तर आपल्या मालावरची जकात न वाढताही आपली जागा मागे सरकते.

२. एक जुना दाखला

व्यापार-करार आणि महाराष्ट्राचे शेतपीक यांचा संबंध आजचा नाही. १९३२ साली ओटावा येथे साम्राज्यांतर्गत पक्षपाती जकातीचे धोरण ठरले. पुढे १९३३ साली जपानी कापडाची स्पर्धा रोखण्यासाठी हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढविली. त्यास उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. खानदेश व वऱ्हाडातील आखूड धाग्याच्या कापसास जपान हे मोठे गिऱ्हाईक होते. जकात कापडावर बसली आणि तिचा फटका कापसास बसला.

१९३४ च्या हिंद-जपान करारात या दोन वस्तूंची सांगड घालण्यात आली. जपानने दहा लाख गाठी कापूस घ्यावा व ३२५ दशलक्ष वार कापड आणावे. पंधरा लाख गाठी घेतल्यास ही मर्यादा ४०० दशलक्ष वारांपर्यंत जावी, असे त्याचे सूत्र होते. या प्रकरणात गिरणीमालकांची बाजू मांडणारी संघटना होती, कापूस पिकविणाऱ्याची तशी नव्हती. तरीही त्याच्या पिकाचे भवितव्य त्याच मेजावर ठरले. करारात जे मिळते त्याची किंमत दुसऱ्या कोणत्या तरी वस्तूने चुकवावी लागते, आणि देणारा प्रदेश व घेणारा प्रदेश एकच असेल असा नियम नाही, हा धडा त्या वेळेइतकाच आजही लागू आहे.

३. द्राक्ष व हापूस : दोन फळांचा विरुद्ध अनुभव

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. युरोपीय संघाच्या जकात-पत्रकात ताज्या आंब्यावर कोणत्याच देशास जकात नाही. म्हणजे द्राक्षास जकात होती व आंब्यास नव्हती. केवळ जकातीवरून तर्क केला तर आंब्याची वाट सुकर व द्राक्षाची बिकट असावयास हवी. प्रत्यक्षात घडले ते उलट.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि त्याबरोबर वांगी, अळू, कारली व पडवळ यांची आयात बंद केली. २०१३ सालात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या होत्या, हे त्याचे कारण. बंदी ऐन हंगामात आली. त्या काळी संघात असलेले ब्रिटन हे हापूसचे युरोपातील प्रमुख गिऱ्हाईक होते. आंब्यावरची बंदी उठविण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला. या नऊ महिन्यांत जकातीत एका पैशाचाही बदल झाला नव्हता. दार बंद झाले ते वनस्पती-स्वास्थ्याच्या नियमाने, आणि उघडले तेही ठरावीक तपमानाच्या गरम पाण्याची प्रक्रिया, मान्यताप्राप्त पॅकहाउस व कडक तपासणी यांच्या व्यवस्थेने.

इतर देशांचा अनुभवही याच दिशेचा आहे. जपानने २००६ साली बाष्प-उष्णता प्रक्रियेच्या अटीवर भारतीय आंब्यास प्रवेश दिला. भारत-जपान सर्वंकष करार अमलात आला तो त्यानंतर, १ ऑगस्ट २०११ रोजी. अमेरिकेने २००७ साली दीर्घकाळची बंदी उठविली, ती फळावर किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण करण्याच्या अटीवर. त्या वेळी अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा कोणताही करार नव्हता. लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र व पुढे वाशी येथे राज्य कृषि पणन मंडळाने उभारलेली सुविधा यांमुळे ती अट पाळणे शक्य झाले. कोकणच्या बागाईतदारास अमेरिकेचे दार उघडून दिले ते जकात-तज्ज्ञांनी नव्हे, तर कीटकशास्त्रज्ञ व किरणोत्सर्गाच्या तंत्रज्ञांनी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या व्यवस्थेचा नाजूकपणाही विसरता येत नाही. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा कागदपत्रांतील त्रुटींच्या कारणाने अमेरिकेने नाकारल्या. फळ निरोगी असणे पुरेसे नसते. ते तसे असल्याचा कागदही निर्दोष असावा लागतो.

द्राक्षाची हकीकत अधिक उद्‌बोधक आहे. १९९१ साली स्थापन झालेल्या 'महाग्रेप्स' या सहकारी भागीदारीने पूर्वशीतकरणाची सोय करून युरोपचा बाजार बागाईतदारांच्या आटोक्यात आणला. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश आढळले व मोठा पेच उद्भवला. त्यातून शहाणपण घेऊन 'अपेडा'ने २००६ साली 'ग्रेपनेट' ही नोंदणीची व्यवस्था सुरू केली. निर्यातक्षम बागेच्या प्रत्येक तुकड्यास नोंदणी क्रमांक, काढणीपूर्वी नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी, मग प्रतवारीचा दाखला व शेवटी वनस्पती-स्वास्थ्याचे प्रमाणपत्र, अशी ही साखळी आहे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिचे शास्त्रीय अधिष्ठान आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून पुन्हा माल अडला. त्या रसायनाची तपासणी आपल्या यादीत नव्हती. ती पुढे समाविष्ट करण्यात आली. अशा रीतीने प्रत्येक आघाताने व्यवस्था अधिक पक्की होत गेली आणि ८ टक्के जकात भरूनही द्राक्षाने युरोपात पाय रोवला. २०२३-२४ सालात भारतातून सर्व देशांस मिळून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे निर्यात झाली. त्यांत महाराष्ट्राचा, विशेषतः नाशिक व सांगली या जिल्ह्यांचा, वाटा प्रमुख आहे.

येथे साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जकात ८ टक्के असेल तर शंभर रुपयांच्या मालावर आठ रुपये जातात, आणि ही रक्कम आधीच ठाऊक असते. उलटपक्षी बारा कंटेनरांपैकी एक जरी नाकारला गेला, तरी एकूण मालाच्या ८ टक्क्यांहून अधिक मूल्य बुडते. शिवाय भाडे, नष्ट करण्याचा खर्च व गिऱ्हाईकाचा गेलेला विश्वास वेगळाच. जकात ही निश्चित किंमत आहे, नकार ही अनिश्चित आपत्ती आहे. मोठा निर्यातदार अशी आपत्ती अनेक खेपांवर वाटून घेऊ शकतो. दोन-चार एकरांचा बागाईतदार ती एका हंगामातही सोसू शकत नाही. यास्तव जकात शून्यावर आणणारा करार लहान शेतकऱ्यास आपोआप पोचत नाही. त्याच्यासाठी नोंदणी, तपासणी व प्रशिक्षण यांचा खर्च कमी होणे हीच खरी सवलत होय.

वाहतुकीचा भारही याच जातीचा आहे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. न्हावा-शेव्याहून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला व भाडे चढले. नाशवंत मालाच्या बाबतीत असा वळसा कित्येकदा जकातीहून जड होतो, आणि कोणत्याही कराराच्या मसुद्यात त्याला स्थान नसते.

४. स्वदेशातील अडसर : कांदा

आतापर्यंत परदेशाने घातलेल्या अटींचा विचार झाला. कांद्याच्या बाबतीत अडसर आपल्याच बाजूचा आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार, म्हणजे 'साफ्टा', २००६ सालापासून लागू आहे व बांगलादेश हा भारतीय कांद्याचा फार मोठा ग्राहक आहे. परंतु या बाजाराचे चढउतार ठरविले ते त्या कराराने नव्हे. २०१९ व २०२० या दोन्ही वर्षांच्या सप्टेंबरात भारताने कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातकर बसला, ऑक्टोबरात टनास ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले व डिसेंबरात पूर्ण बंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, परंतु ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के कर शिल्लक राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली व कर २० टक्क्यांवर आला. १ एप्रिल २०२५ पासून तोही रद्द झाला.

शहरी ग्राहकास कांदा परवडावा हा हेतू अनुचित नाही, आणि महागाईची झळ प्रथम गरिबास लागते हेही खरे आहे. प्रश्न हेतूचा नसून साधनाचा आहे. परदेशी व्यापारी सवलतीपेक्षा सातत्याला अधिक किंमत देतो. ज्या देशाचा पुरवठा कोणत्याही पंधरवड्यात थांबू शकतो, त्या देशाशी शून्य जकातीचा करार असला तरी आयातदार दुसरा पुरवठादार शोधून ठेवतो. म्हणजे एका हाताने मिळविलेली पसंती आपण दुसऱ्या हाताने परत करतो, आणि या परतफेडीचा भार प्रामुख्याने नाशिक, पुणे, अहिल्यानगर व सोलापूर येथील कांदा-उत्पादकांवर पडतो. येथे एका प्रदेशाचे हित व साऱ्या राष्ट्राच्या ग्राहकाचे हित यांत खराखुरा विरोध आहे. तो शब्दांनी झाकून सुटणार नाही. त्याचे उत्तर साठवण व राखीव साठा यांच्या वाढीत शोधावे लागेल.

उलट दिशेचा अनुभवही आहे. विदर्भातील संत्र्यास बांगलादेशचा बाजार फार महत्त्वाचा. परंतु 'साफ्टा' अस्तित्वात असूनही त्या देशाने अलीकडच्या वर्षांत संत्र्यावरील आयातकर वेळोवेळी वाढविला व वऱ्हाड-नागपूरच्या बागाईतदारांस त्याची झळ लागली. संवेदनशील वस्तूंच्या याद्या व पूरक कर यांच्या फटींतून करार किती पोकळ होऊ शकतो, हे यावरून कळते.

५. देणे आणि घेणे

अलीकडील करारांकडे या दृष्टीने पाहावे. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार १ मे २०२२ रोजी अमलात आला. आखाती देशांची सामाईक जकात मुळात ५ टक्क्यांची व ताज्या फळा-भाज्यांच्या पुष्कळ बाबींस तीही माफ. त्यामुळे आंबा वा कांदा यांस त्या करारातून जकातीचा लाभ मर्यादितच असणार. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी करार झाला; तेथे द्राक्षासारख्या जकातपात्र मालास लाभाची शक्यता अधिक आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात भारताने बाटलीस ५ डॉलरांहून अधिक किमतीच्या वाइनवरील जकात १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणली व ती टप्प्याटप्प्याने आणखी उतरविण्याचे मान्य केले. नाशिक जिल्हा खाण्याच्या द्राक्षाबरोबर वाइनचेही केंद्र आहे. तेव्हा एकाच जिल्ह्यात एका करारामुळे खाण्याच्या द्राक्षाला बाजार वाढावा आणि दुसऱ्या करारामुळे वाइनच्या द्राक्षाला स्पर्धा वाढावी, हे संभवते. राष्ट्राच्या ताळेबंदात या दोन नोंदी एकमेकींस छेदतील. तालुक्याच्या ताळेबंदात त्या दोन निरनिराळ्या कुटुंबांच्या नावे पडतील.

सवलतीचा लाभ कोणाच्या पदरी पडतो, हाही प्रश्न उरतोच. जकात आठ रुपयांनी उतरली म्हणजे बागाईतदारास आठ रुपये अधिक मिळाले, असे होत नाही. ती रक्कम परदेशी दुकानसाखळी, आयातदार, निर्यातदार व उत्पादक यांच्यात सौद्याच्या बळानुसार वाटली जाते. खरेदीदार मोजके व विक्रेते हजारो असतील, तर उत्पादकाचा हिस्सा लहान राहतो. सहकारी संघ व उत्पादक कंपन्या यांचे महत्त्व येथे आहे. कराराचा मसुदा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

६. समारोप

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. कोणत्याही मुक्त व्यापार करारापासून विशिष्ट प्रदेशाच्या शेतमालास काय लाभेल, हे ठरविताना अभ्यासकाने पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. त्या मालावर आज प्रत्यक्षात किती जकात आहे व प्रतिस्पर्ध्यावर किती? वनस्पती-स्वास्थ्य व रसायनांचे अंश यांच्या अटी कोणत्या व त्या पाळण्याची साधने त्या प्रदेशात आहेत काय? वाहतुकीस लागणारा काळ मालाच्या टिकाऊपणाशी जुळतो काय? स्वदेशाचे निर्यात-धोरण किती स्थिर आहे? आणि करारात जे दिले गेले त्याचा भार कोणत्या प्रदेशावर, कोणत्या पिकावर पडणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जकात-पत्रकात मिळते, म्हणून आपले बहुतेक अभ्यास तेथेच थांबतात. उरलेल्या चारांची उत्तरे बागेत, पॅकहाउसात, प्रयोगशाळेत व बाजार समितीच्या आवारात जाऊन शोधावी लागतात. जिल्हानिहाय माहिती तेथे विखुरलेली असते आणि ती एकत्र करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास साजेसे व निकडीचे काम आहे.

शेवटी पुन्हा विचुंब्याकडे येऊ. हापूसला २०१८ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या क्षेत्रात रायगड जिल्हाही आहे. बंदर, विमानतळ, प्रक्रियेची केंद्रे व मानांकन या चारही गोष्टी इतक्या जवळ असणारा प्रदेश राज्यात दुसरा क्वचितच सापडेल. असे असता या परिसरातील शेती निर्यातीत सहभागी होण्याऐवजी तिची जमीन निर्यातीच्या वाटेसाठी व शहराच्या विस्तारासाठी खर्ची पडत आहे. याचा दोष कोणत्याही व्यापार-कराराकडे जात नाही, आणि कोणत्याही व्यापार-कराराने त्याचा परिहारही होणार नाही. बाजार जवळ येणे व बाजारात जाण्याजोगे पीक हाती असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली राजधानीतल्या वाटाघाटींत ठरते; दुसरी जमीन, पाणी व गावाचा आराखडा यांच्या निर्णयांत ठरते. प्रादेशिक अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या दुसऱ्या निर्णयाकडे पहिल्याइतकेच लक्ष दिले पाहिजे.